पामरचा माठ: वाळवंटातली रानभाजी कापसाच्या मुळावर कशी उठली

पान खुडायचं, देठ उलटा वळवून पानावर धरायचा आणि बघायचं, देठ पानाच्या टोकापलीकडे जातो का. जात असेल, तर अमेरिकेत कापूस नाहीतर सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. कारण हा माठ शेतात एकदा बी टाकून गेला, की पुढची काही वर्षं त्या शेतकऱ्याला स्वस्थ झोप नाही.

झाडाचं शास्त्रीय नाव ॲमरँथस पामेरी. एडवर्ड पामर हा वनस्पती गोळा करत रानोमाळ हिंडणारा माणूस. त्याच्यावरून सेरेनो वॉटसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७७ साली हे नाव दिलं. तिकडचे शेतकरी त्याला पामर पिगवीड म्हणतात, टेक्सास-ॲरिझोनाकडे केअरलेसवीड. आपण इथे पामरचा माठ म्हणू, कारण तो खरोखरच माठ आहे. आपला लाल माठ, तांदुळजा, बांधावरचा काटेमाठ आणि उपासाचा राजगिरा ही सगळी त्याची भावंडं. त्यातला राजगिरा तर मुळात पामरच्या शेजारचाच, मेक्सिकोकडचा. मराठीत पामर म्हणजे दीनदुबळा. या झाडाला तो अर्थ मुळीच शोभत नाही.

पावसाची भाजी

अमेरिकेचं ॲरिझोना राज्य आणि मेक्सिकोचं सोनोरा राज्य यांच्या हद्दीवर सोनोराचं वाळवंट पसरलं आहे. हात वर करून उभ्या माणसासारखे उंच सग्वारो निवडुंग जिथे दिसतात, ते हेच. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो. जुलैत वळवासारखा गडगडाटी पाऊस सुरू होतो आणि कोरडे ओढे एका रात्रीत वाहू लागतात. ओल जेमतेम काही आठवडे टिकते. एवढ्या अवधीत रुजायचं, वाढायचं, फुलायचं, बी पिकवायचं आणि मरून जायचं. पामरचा माठ हजारो वर्षं हेच करत आला आहे.

तिथल्या माणसांनी त्याला कधी शत्रू मानलं नाही. तोहोनो ओ'ओधम, म्हणजे ‘वाळवंटाची माणसं’, हे तिथले मूळ रहिवासी पाऊस पडला की याची कोवळी पानं खुडून शिजवत आले आहेत. कोकोपा लोक बीही दळून खात. सोनोरात स्पॅनिश बोलणारे याला ‘केलिते दे लास आग्वास’ म्हणतात. केलिते म्हणजे खायचा पाला. मूळ शब्द अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतला. सगळं मिळून अर्थ झाला पावसाच्या दिवसांतली भाजी. आपल्याकडे मृगाच्या सरी पडल्या की माळावर टाकळा आणि कुर्डू शोधत जातात, तसंच हे. कुर्डू तर माठाच्याच कुळातला आहे.

हे आधी सांगितलं, कारण पुढे याच झाडाचं वर्णन राक्षस म्हणून येतं आणि मला ते पटत नाही. ज्या गुणांवर त्याने वाळवंटात दिवस काढले, त्याच गुणांनी त्याला शेतात बलवान केलं. ते गुण समजले तर पुढची सगळी गोष्ट आपोआप उलगडते.

उन्हात धावणारं झाड

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखर बनवायचं काम पानात रुबिस्को नावाचं एन्झाइम करतं. त्याला एक खोड आहे. ऊन तापलं की ते कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजन धरून बसतं. मग ती चूक निस्तरण्यात झाडाची शक्ती वाया जाते. कापूस, सोयाबीन, गहू, भात या पिकांना हा तोटा रोज सोसावा लागतो. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांनी त्यावर तोड काढली आहे. ही झाडं कार्बन डायऑक्साइड आधी बाहेरच्या पेशींत पकडतात आणि मग आतल्या पेशींत रुबिस्कोभोवती कोंडतात. इतक्या दाटीत रुबिस्कोच्या हाताला ऑक्सिजन फारसा लागतच नाही. शिवाय पानाची छिद्रं कमी उघडावी लागतात, म्हणून पाणीही वाचतं. या पद्धतीला सी-४ म्हणतात. ती बहुतेक करून गवताच्या कुळात सापडते. रुंद पानांच्या झाडांत ती थोड्यांनाच साधली आहे आणि माठ त्यांपैकी एक.

पामरच्या माठात ती टोकाला गेली आहे. जेम्स एलरिंजर या शास्त्रज्ञाने १९८३ साली वाळवंटातल्या या झाडांची मोजणी प्रसिद्ध केली. पानांचं काम सगळ्यात जोरात चालत होतं ते ४२ अंश सेल्सियसला. अकोल्यात मे महिन्यात माणसं दारं-खिडक्या लावून घेतात, ते हे तापमान. त्यात भर म्हणजे याची पानं सूर्यफुलाच्या कळीसारखी दिवसभर सूर्याच्या दिशेने वळत राहतात. परिणाम असा, की चांगली ओल असेल तर झाड दिवसाला ५ सेंटीमीटरच्या पुढे वाढतं. कापूस गुडघ्याला लागेपर्यंत हे डोक्यावर जातं आणि त्याला सावलीत कोंडतं. दोन मीटर उंची सहज, खोड मनगटाएवढं. कापूस वेचणारी यंत्रं अशा खोडांत अडकून मोडतात.

आता बी. एक मादी झाड मोकळ्या जागेत ६ लाखांपर्यंत बिया देऊ शकतं. दाणा राजगिऱ्याएवढा, पण काळा आणि चकचकीत. सगळ्या बिया एकदम उगवत नाहीत. काही पहिल्या पावसाला, काही महिन्याने, काही पुढच्या वर्षी. वाळवंटात पहिला पाऊस दगा देऊ शकतो, म्हणून सगळी पुंजी एकाच डावावर लावायची नाही. शेतात त्याचा अर्थ असा होतो, की आज निंदलं तरी पंधरवड्याने नवी लव उगवलेली असते.

मी ‘मादी झाड’ म्हटलं ते मुद्दाम. आपल्या माठात नर आणि मादी फुलं एकाच झाडावर असतात. पामरच्या माठात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, पपईसारखं. त्यामुळे प्रत्येक बी दोन वेगळ्या झाडांच्या मिश्रणातून होतं. पराग वाऱ्यावर जातो आणि ३०० मीटरवरच्या मादीलाही फळवल्याचं अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या प्रयोगांत दिसलं आहे. एका शेतातला गुण दुसऱ्या शेतात जायला बी वाहून न्यायचीसुद्धा गरज नाही.

एक गिरणी आणि एक खडा

विसाव्या शतकात रस्ते, रेल्वे, शेती आणि मालवाहतूक यांबरोबर हे झाड वाळवंट सोडून पूर्वेकडे सरकत गेलं. तोवर ते अनेक तणांपैकी एक होतं. त्याला तणांचा राजा केलं ते एका औषधाने.

ग्लायफोसेट हे तणनाशक १९७४ साली राउंडअप या नावाने बाजारात आलं. ते झाडात नेमकं काय करतं, हे समजून घेण्यासारखं आहे. झाडाला प्रथिनं बनवायला लागणारी तीन अमिनो आम्लं एका ठरावीक साखळीतून तयार होतात आणि त्या साखळीत ईपीएसपीएस नावाचं एक एन्झाइम असतं. समजा, गावात एकच पिठाची गिरणी आहे. ग्लायफोसेट म्हणजे त्या गिरणीच्या पाट्यांत बरोबर फसणारा खडा. गिरणी बंद, पीठ बंद, गाव उपाशी. झाड आठ-दहा दिवसांत पिवळं पडून मरतं. माणसाच्या आणि जनावरांच्या शरीरात ही गिरणीच नाही. आपण ती आम्लं खाण्यातून घेतो. बहुतेक सगळ्या हिरव्या झाडांत मात्र ती आहे, त्यामुळे हे औषध तण आणि पीक असा भेद करत नाही.

म्हणून पिकालाच वाचवायची युक्ती निघाली. ग्लायफोसेटच्या कारखान्याच्या सांडपाण्यात मजेत जगणारा एक जिवाणू सापडला होता. त्याची गिरणी वेगळ्या घडणीची होती, खडा तिच्यात फसत नव्हता. ते जनुक पिकात घातलं आणि १९९६ साली सोयाबीन, १९९७ साली कापूस असे वाण अमेरिकेत विक्रीला आले. शेतकऱ्याने उभ्या पिकावरून फवारा मारायचा. पीक हिरवं, बाकी सगळं वाळलेलं. ज्याने रोजंदारीवर निंदणी करून घेतली आहे, त्यालाच या सुखाची किंमत कळेल. शेतकऱ्यांनी जुनी औषधं सोडली, नांगरट कमी केली, आणि हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात वर्षामागून वर्षं एकच औषध पडत राहिलं.

२००४ साली जॉर्जियातल्या मेकन काउंटीत एका कापसाच्या शेतात पामरचा माठ फवारूनही मरेना. विद्यापीठाच्या लोकांनी बी नेऊन तपासलं. शिफारशीच्या तिप्पट मात्रेलाही बहुतेक झाडं तगली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘औषधाची सवय झाली’ असं आपण सहज म्हणून जातो. पण झाडाला दारूसारखी सवय होत नाही. फवारणी आधीपासून असलेलं वेगळेपण फक्त निवडून काढते. हिशेब करून पाहा. कोटीत एखादंच झाड जन्मतः तगणारं आहे असं धरा. शेतात शंभर माद्या असतील आणि प्रत्येकीने तीन लाख बिया टाकल्या, तर झाल्या तीन कोटी बिया. म्हणजे एका शेतात, एका हंगामात, अशी दोन-तीन झाडं असणारच. बाकी सगळी मेल्यामुळे त्यांना ऊन, पाणी, खत सगळं मोकळं मिळतं. पुढच्या वर्षीची पिढी त्यांची.

सुटी पानं

तगणारी झाडं नेमकी काय करत होती? अनेकांना वाटलं, त्यांच्याही गिरणीचा आकार बदलला असेल. २०१० साली टॉड गेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर छापलं आणि ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गिरणी तीच होती, तिच्यात खडा पूर्वीसारखाच फसत होता. पण साध्या झाडात त्या जनुकाच्या जितक्या प्रती असतात, त्याच्या पाचपटीपासून १६० पटींहून जास्त प्रती या झाडांत होत्या. एका गिरणीच्या जागी शंभर गिरण्या! फवाऱ्यातून येणारे खडे मोजके. वीस-तीस गिरण्या बंद पडल्या तरी बाकीच्या गावाला पीठ पुरवतात.

याहून विलक्षण भाग २०१८ नंतर कळला. सजीवाची जनुकं गुणसूत्रांवर असतात. गुणसूत्र म्हणजे पक्क्या बांधणीचा ग्रंथ समजा. पेशी दुभंगताना प्रत्येक ग्रंथाची एक नक्कल होते आणि दोन्ही लेकींना एकेक प्रत मिळते. वाटणी अगदी चोख. पण पामरच्या माठात ईपीएसपीएसचं जनुक ग्रंथातून बाहेर पडून, डीएनएच्या गोल कड्यावर, स्वतंत्रपणे राहत होतं. कडं सुमारे ४ लाख अक्षरांचं आणि त्यावर ५९ जनुकं. कुणीतरी ग्रंथातला कामाचा भाग झेरॉक्स करून त्याची सुटी पानं भरून ठेवावीत, तसं. ही सुटी पानं ग्रंथाला नुसती टेकून राहतात आणि पेशी दुभंगताना त्यांची वाटणी चोख होत नाही. एका लेकीला वीस मिळतात, दुसरीला ऐंशी. त्यामुळे एकाच झाडाच्या वेगवेगळ्या भागांत आणि एकाच आईच्या लेकरांत प्रतींची संख्या वेगवेगळी. फवारा पडला की कमी प्रतींवाली मरतात, जास्तवाली उरतात.

साधारण समज असा, की उत्क्रांतीला हजारो वर्षं लागतात. इथे ती दहा-वीस वर्षांत, माणसाच्या डोळ्यांदेखत झाली, आणि तिला हवा तेवढा कच्चा माल या झाडाच्या घाईने आणि बियांनी पुरवला.

ग्लायफोसेट हे काही एकटं नव्हे. त्याच्या आधीच्या औषधांना आणि नंतरच्याही औषधांना हे झाड पुरून उरलं आहे. कॅन्सस राज्यातल्या एका शेतातली झाडं सहा वेगवेगळ्या प्रकारांनी काम करणाऱ्या तणनाशकांना दाद देत नाहीत, असं २०२१ साली प्रसिद्ध झालं. मधल्या काळात डायकांबा हे जुनं औषध सोसणारं सोयाबीन आणि कापूस आणले गेले. डायकांबा उडून जातं, वाऱ्यावर शेजारच्या रानात उतरतं. २०१७ साली अमेरिकेत अंदाजे ३६ लाख एकर सोयाबीनला त्याची झळ लागली. वर्षानुवर्षं बांधाला बांध लावून राहिलेल्या शेजाऱ्यांत तंटे झाले आणि प्रकरणं कोर्टात गेली. आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत टेनेसी राज्यात डायकांबालाही न मरणारा पामरचा माठ मिळाला.

आपल्या कापसाशी याचा काय संबंध

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी सरकारची परवानगी नसलेला एचटीबीटी कापूस जाहीरपणे पेरला. विदर्भात ज्याला चोरबीटी म्हणतात तो हाच: बोंडअळीसाठी बीटी आणि वर ग्लायफोसेट सोसण्याचा गुण. बी चोरवाटेने येतं, पावती मिळत नाही, फसवणूक झाली तर दाद कुणाकडे मागायची हा प्रश्न. तरी लोक घेतात. का घेतात हे समजायला कापसाच्या रानात श्रावणात एक दिवस घालवावा. झड लागलेली असते, वाफसा येत नाही, डवरा चालत नाही आणि तण कापसाच्या वर. निंदायला बायका मिळत नाहीत. मिळाल्या तर कंबर मोडून दिवसभर वाकलेल्या असतात आणि त्यांची मजुरी शेतकऱ्याला झेपत नाही. ‘तण खाई धन’ ही म्हण कुणी घरात बसून रचलेली नाही.

म्हणून हा वाण मागणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी ठरवणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहणार नाही. त्याची अडचण खरी आहे. पण जॉर्जियाच्या शेतकऱ्याचीही खरीच होती. तिथे काय झालं? प्रतिकार पसरल्यावर तणनाशकांचा खर्च दुपटीहून जास्त वाढला, आणि एवढं करून जॉर्जियातल्या ९२ टक्के कापूस उत्पादकांना हाताने निंदणी करावी लागली, सरासरी निम्म्याहून अधिक पिकात. ज्या कष्टातून सुटका म्हणून हे सगळं आणलं, ते कष्ट पंधरा वर्षांत परत दारात. तेही अशा देशात जिथे निंदायची सवय आणि अवजारंसुद्धा मोडीत निघाली होती.

आपल्या रानातली तणं वेगळी आहेत, पावसाचं गणित वेगळं आहे. पण एकाच औषधावर सगळा भार टाकला की निवड कशी होते, तो नियम देश पाहून बदलत नाही. चोरून आलेल्या बियाण्याबरोबर हे समजावणारं कुणी येत नाही. माझी खरी तक्रार तिथे आहे.

मग त्याला आवरतात कसं

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात जेसन नॉर्सवर्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा, पण धडकी भरवणारा प्रयोग केला. २००८ च्या फेब्रुवारीत कापसाच्या चार शेतांत, प्रत्येकी एका चौरस मीटरात, प्रतिकारक माठाच्या २०,००० बिया टाकल्या. ही संख्या एका झाडाच्या बियांहून किती तरी कमी. नंतर फक्त ग्लायफोसेटवर भर ठेवला. दोन वर्षांच्या आत झाडं उताराच्या बाजूने ११४ मीटरपर्यंत पोचली. तिसऱ्या हंगामात शेतं जवळपास बांधापासून बांधापर्यंत भरली आणि कापूस वेचण्यासारखा राहिला नाही. ‘चार झाडं राहिली तर राहू दे’ हा हिशेब या झाडापुढे चालत नाही, हे त्यातून कळलं.

उपाय आहेत, आणि बरेचसे जुनेच आहेत. बी इतकं बारीक, की ते दोन-अडीच सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं तर सहसा वर येऊ शकत नाही. म्हणून एकदा खोल नांगरट करून वरचं बी तळाशी घालतात. ती दर वर्षी करायची नाही. केली तर तळाचं बी पुन्हा वर येतं. हिवाळ्यात राय नावाचं धान्य दाट पेरून, वसंतात ते आडवं पाडून, त्या जाड आच्छादनातच कापूस लावतात. जमिनीला ऊन न मिळाल्याने माठ कमी उगवतो. ऑस्ट्रेलियातून एक यंत्र आलं आहे; ते कापणीच्या वेळी मळणीयंत्रातून पडणारं तणाचं बी तिथल्या तिथे भरडून टाकतं. सोयाबीन कापणीला येतं तेव्हा पामरच्या माठाचं बहुतेक बी अजून कणसावरच असतं, त्यामुळे हे चांगलं साधतं. शेतातून शेतात फिरणारी कापणीयंत्रं झाडून घेणं, सरकीच्या पेंडीतून आणि शेणखतातून येणारं बी ओळखणं, हेही त्यातच आलं.

उपटलेल्या माठाची भाजी करावी का? कोवळी पानं खाण्याजोगी असतात, पण भरपूर नत्र दिलेल्या शेतात हे झाड नायट्रेट साठवतं. जनावरांना त्याची बाधा होते. तेव्हा ही भाजी वाळवंटातल्या ओढ्याकाठचीच बरी.

एक गोष्ट मात्र शेतकऱ्याच्या बाजूची आहे. पुष्कळ तणांचं बी दशकानुदशकं मातीत जिवंत राहतं. याचं राहत नाही. पुरलेल्या बियांपैकी बऱ्याचशा तीन-चार वर्षांत मरतात. तेवढी वर्षं एकही मादी बियांवर येऊ दिली नाही, तर शेत जवळपास मोकळं होऊ शकतं. म्हणून ज्यांनी हे मनावर घेतलं आहे, ते शेतकरी औषध मारून झाल्यावरही उन्हात शेतातून चालत जातात. उरलेलं एकेक झाड मुळासकट उपटतात, पोत्यात भरतात आणि शेताबाहेर नेतात. सरीत टाकत नाहीत, कारण एक पाऊस आला तर उपटलेलं झाड पुन्हा मूळ धरतं आणि बी तिथेच पिकवतं.